घशाच्या संताचं गाव

सान ब्लास, ४ ऑक्टोबर १९८७

ओतिलियाताई,

तुझं पत्र काल मिळालं. एकदा वाचलं तेव्हा वाटलं, आपल्याला नीट कळलं नसेल. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नीट कळलं होतं. माझ्या मुलीला, मला न विचारता, तू एका मानसतज्ज्ञ बाईकडे घेऊन गेलीस. आणि वर लिहितेस, 'काळजी करू नकोस.'

काळजी नाही करत. मला संताप आला आहे.

निदियाला मी ब्वेनोस आयरेसला तुझ्या घरी ठेवलं ते नर्सिंग शिकायला. तिचा घसा आवळतो, घास उतरत नाही, वॉर्डात उभी राहिली की श्वास पुरत नाही, हे सगळं तू लिहिलंस. मग घशाच्या डॉक्टरकडे न्यायचं. तू म्हणतेस नेलं, दोघांनी घशात बत्ती मारून पाहिलं, काही सापडलं नाही. नाही सापडलं तर तिसऱ्याकडे न्यायचं. अगं, आपल्या गावाचा संतच मुळी घशाचा! दर फेब्रुवारीत आसपासच्या सगळ्या वस्त्यांवरची माणसं इथे येतात, फादर एवारिस्तो त्यांच्या गळ्याला दोन मेणबत्त्यांची फुली टेकवून आशीर्वाद देतात, आणि त्या मेणबत्त्या माझ्याच पोळ्यांच्या मेणाच्या असतात. आणि माझ्या मुलीच्या घशावर उपाय काय, तर परक्या बाईसमोर बसून घरचं बोलायचं!

काय बोलते ती तिथे? आमच्या घरात काय कमी होतं? तिची आई गेली, त्याला दोन वर्षं झाली. देवाने दिली होती, देवाने नेली. त्यात बोलण्यासारखं काय आहे?

शेजारची मातिल्दे कुंपणावरून विचारते, "पोरीचं डोकं ठीक आहे ना रे?" तिला कुणी सांगितलं? तूच कुणाला तरी लिहिलं असशील.

त्या बाईचा पत्ता कळव. मी तिलाच विचारतो.

तुझा भाऊ,
अनसेल्मो


ब्वेनोस आयरेस, १३ ऑक्टोबर १९८७

अनसेल्मो,

मातिल्देला मी काही लिहिलेलं नाही. तू माझं पत्र किराणा दुकानात उभ्या उभ्या फोडलंस आणि 'वेड्यांची डॉक्टर!' म्हणून ओरडलास. मला तिथून कुणी कळवलेलं नाही. मी तुला ओळखते, एवढंच.

निदिया वेडी नाही. तिला रात्री झोप नाही, जेवण नाही, आणि ज्या वॉर्डात तिला शिकायचं आहे त्या वॉर्डाच्या दारात तिचे पाय थिजतात. असेच आणखी काही महिने गेले तर तिचं वर्ष बुडेल आणि ती शिक्षण सोडेल. डॉक्टर म्हणतात शरीर ठणठणीत. मग मी काय करायला हवं होतं? रोज संध्याकाळी तिच्यासाठी सूप करून रोज रात्री ते ओतून द्यायचं?

आता एक गोष्ट सांगते, ती तुला आजवर सांगितली नव्हती, कारण तू असाच ओरडशील हे मला माहीत होतं. मी स्वतः सहा वर्षं जाते आहे. निराळ्या माणसाकडे. रुबेन मला सोडून गेला, त्यानंतर मला एक खोड लागली. गॅसचा नळ बंद केला की कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन नळ बघायचा. पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. बस चुकायची. कपडेपट माझ्या हाती, त्यामुळे नाटक कंपनीत राणीचा पोशाख नाही आणि राणी विंगेत परकरावर उभी, असं झालं तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, "ओतिलिया, काहीतरी कर, नाहीतर मला करावं लागेल."

पहिल्या दिवशी मी त्या माणसासाठी केक घेऊन गेले. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आपल्याला आईने शिकवलेलं! त्याने तो बाजूला ठेवला, कापलासुद्धा नाही. मला राग आला. मग मी पूर्ण वेळ आमच्या नटीच्या वाढत्या कंबरेबद्दल बोलले. तो फक्त ऐकत होता. बाहेर पडताना म्हटलं, फुकट गेली दुपार. पण गेले पुन्हा. कधीतरी चौथ्या-पाचव्या वेळी नटीची कंबर संपली आणि माझं सुरू झालं. तो दिवस वाईट गेला. घरी येऊन मी भांडी फोडली. तुला वाटतं तिथे गेलं की लगेच हलकं वाटतं? कित्येकदा जड होऊन येतो माणूस.

नळ अजून बघते. पण एकदाच.

पत्ता खाली देते आहे, कारण नाही दिला तर तू इथे येऊन थडकशील. पण तिला लिहू नकोस. आणि अनसेल्मो, 'तिची आई, तिची आई' काय चालवलंयस? तिला नाव होतं. एल्सा म्हण ना.

तुझी,
ओतिलिया


सान ब्लास, २५ ऑक्टोबर १९८७

श्रीमती बेर्ता शुलमान यांस,

मी निदिया गाराय हिचा बाप. माझा व्यवसाय मधमाश्या पाळणे, आणि इथल्या चर्चची घंटा व मेणबत्त्या माझ्याकडे असतात. शिक्षण गावच्या शाळेपुरतं. तेव्हा शब्द चुकले तर माफ करा, पण म्हणणं चुकलेलं नाही.

माझी मुलगी आपल्याकडे येऊन काय सांगते हे मला कळलं पाहिजे. तिच्यावर माझा हक्क आहे, आपला नाही.

आपल्याला ती दुबळी वाटत असेल तर आपण तिला ओळखत नाही. तिची आई आजारी पडली तेव्हा घर या मुलीने सांभाळलं. त्या आजाराचं नाव घरात कुणी काढायचं नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे रोग्याला असलं सांगत नाहीत. ऐकलं की माणसाची जगण्याची उमेद जाते. ही मुलगी आईला रोज हसून सांगायची, 'यकृताला सूज आहे, कार्निव्हलपर्यंत बरी होशील.' आई तिला खोदखोदून विचारायची, ही एकदाही डगमगली नाही. डॉक्टरसुद्धा म्हणाले, पोर पोलादाची आहे. दफनाच्या दिवशी सगळा गाव रडला, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. पाहुण्यांना येर्बाचा कडू चहा भरून देत होती.

अशी मुलगी मी आपल्या शहरात पाठवली. आपण तिचं काय करून ठेवलंत? पोरांना आईबापांविरुद्ध फिरवायचं, हे आपलं शास्त्र, असं मी ऐकून आहे. देवाला घाबरा.

पुष्कळ लिहिलं. मला सहसा एवढं लिहायची सवय नाही.

अनसेल्मो गाराय


ब्वेनोस आयरेस, ५ नोव्हेंबर १९८७

श्री. गाराय यांस,

आपलं पत्र मिळालं. माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. आईबापांना नाही, नवऱ्याला नाही, पोलिसांनी विचारलं तेव्हाही नाही. आणि या देशात लष्कराच्या राज्यात ते विचारत होते, तो काळ फार जुना नाही. कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तरच मी तोंड उघडते. तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही.

माझा आणखी एक नियम आहे. कुणाविषयी मला पत्र आलं तर ते मी त्या व्यक्तीपासून लपवत नाही. पुन्हा लिहाल तेव्हा हे लक्षात असू द्या. पहिल्या पत्राआधी ते आपल्याला सांगायची संधी मला नव्हती, याचं वाईट वाटतं.

एरवी या खोलीत काय चालतं, ते विचारणाऱ्या कुणालाही सांगते, आपल्यालाही सांगते. दोन खुर्च्या आहेत. वार ठरलेला, वेळ ठरलेली, तासाला थोडी कमी. वेळ संपली की थांबायचं, वाक्य अर्धं असलं तरी. मी सल्ला देत नाही, कुणाला कुणाविरुद्ध फिरवत नाही. येणाऱ्याने काय बोलायचं ते त्याने ठरवायचं. गप्प बसला तर मीही बसते. उपयोग होत नाही असं वाटलं तर तसं तोंडावर सांगून दुसरीकडे जायची मोकळीक असते. इथे यायला वेडं असावं लागत नाही. झोप उडालेले येतात, डॉक्टरांना सापडत नाही असं दुखणं असलेले येतात, माणूस गमावलेले येतात. घरच्यांवर जीव आहे म्हणूनच त्यांच्यापाशी बोलता येत नाही, असेही खूप येतात.

आपण मला चार पानं लिहिलीत. सहसा एवढं लिहीत नाही, असंही लिहिलंत. आपल्या प्रांतातही आता काही दवाखान्यांत माझ्यासारखी माणसं बसतात, एवढं सुचवून थांबते.

बेर्ता शुलमान


सान ब्लास, २० नोव्हेंबर १९८७

ताई,

बघ! वाच! सोबत त्या बाईचं पत्र जोडतो आहे. मी माझ्या मुलीबद्दल विचारलं, तर मला सांगते, तू दवाखान्यात जा. म्हणजे आता मी वेडा! लिहिणाऱ्यालाच रोगी ठरवायचं, ही बरी युक्ती आहे. असे रोगी जमवत असतील तर धंदा बरा चालत असेल.

पत्र घेऊन फादरांकडे गेलो. म्हटलं, आता तुम्हीच काहीतरी लिहा, तुमच्या शब्दाला वजन आहे. ते पोळ्यातल्या मधाची बाटली उन्हात धरून बघत होते. पत्र वाचलं, घडी घातली, म्हणाले, "बाई माझ्यासारखीच दिसते."

म्हटलं, "म्हणजे?"

"तुझी बायको तीस वर्षं माझ्याकडे कबुलीजबाबाला येत होती. ती काय बोलली ते विचारायला तू कधी आलास?"

"ते निराळं. तिथे देव असतो."

"आणि दुसऱ्या खुर्चीपाशी तो येत नाही, हे तुला कुणी सांगितलं? त्याने सांगितलं?"

मला एवढा राग आला की मधाची बाटली परत घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी पोचवली, पण बोललो नाही. त्या रविवारी घंटाही जरा जोरात वाजवली.

निदियाचं पत्र आलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी येतं. टपाल अडकलं असेल.

अनसेल्मो


ब्वेनोस आयरेस, २ डिसेंबर १९८७

अनसेल्मो,

टपाल अडकलेलं नाही.

तुझं पत्र निदियाने वाचलं. त्या बाईंनी ते तिच्या हातात दिलं, जसं तुला लिहिलं होतं तसं. घरी आली ती थेट न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. बाहेर आल्यावर मी काही विचारलं नाही. रात्री तिने मला ते वाचायला दिलं.

मी आजवर तुझ्यावर चिडले, पण अशी कधी नाही. तू त्या पत्रात तिची स्तुती केली आहेस, हेच मला सहन होत नाही. अरे, सतरा वर्षांची होती ती! तू पोळ्यांकडे निघून जायचास, डॉक्टर अंगणातूनच बोलून जायचा, मी इथे होते आणि पत्रात 'लवकर बरी हो' लिहीत होते. खोलीत एल्सापाशी कोण होतं? मरणारी बाई जिला विचारत होती ती एकटी पोर होती. आणि तिला उत्तर आपण सगळ्यांनी मिळून शिकवून ठेवलं होतं. आता म्हणतोस, पोलादाची!

ती त्या खोलीत काय बोलते मला माहीत नाही. मी अंदाजही करणार नाही. तूही करू नकोस.

तिने तुझ्यासाठी चिठ्ठी दिली आहे, ती जोडते. नाताळला ती गावी येणार नाही. जानेवारी-फेब्रुवारी मी कंपनीबरोबर मार देल प्लाताला असेन, समुद्रावर उन्हाळ्याचे खेळ आहेत. निदिया घरी एकटीच असेल. तिला त्रास देऊ नकोस.

ओतिलिया

*बाबा, पत्र वाचलं. मला काही दिवस लिहू नका. तब्येत सांभाळा. निदिया*


सान ब्लास, २७ डिसेंबर १९८७

ताई,

नाताळ झाला. मातिल्देने भाजलेलं बकरं पाठवलं, सोबत तोंडही पाठवलं: "पोर आली नाही? शहरात गेली की अशीच होतात." मी दार लावून घेतलं.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होतो. रोग्याला सांगायचं नाही हे मी नवीन काढलं का? आपल्या वडिलांना कुणी सांगितलं? गावात कुणाला सांगितलं आजवर? जे सगळ्यांनी केलं तेच मी केलं, आणि आता न्याय फक्त माझा व्हायचा! हे मी तुला ठणकावून सांगतो.

पण मुलगी मला लिहू नका म्हणते, हे मी चालू देणार नाही. फेब्रुवारीत सान ब्लासचा दिवस झाला की मी येतो. आशीर्वादाच्या दोन मेणबत्त्या आणतो, परतीची दोन तिकिटं काढतो आणि तिला घेऊन येतो. इथे हवा चांगली आहे. घसा इथेच सुटेल. आधी त्या शुलमानबाईच्या तोंडावर चार शब्द बोलणार आहे, तेही तिच्याच खुर्चीत बसून.

अनसेल्मो


ब्वेनोस आयरेस, ९ फेब्रुवारी १९८८

ताई,

तुझ्या घरातून, तुझ्याच शिवणयंत्रावर कागद ठेवून लिहितो आहे. काल पोचलो. मधमाश्या फादरांवर सोपवल्या आहेत. त्या चावल्या तर त्यांना समजेल.

निदियाने दार उघडलं. "या बाबा," म्हणाली. दोन अंडी तळून दिली. वाळली आहे. एवढंच बोलली.

आज मी त्या बाईच्या पत्त्यावर गेलो. कोट घालून, या उकाड्यात. घंटी वाजवतो, वाजवतो, कुणी नाही. शेजारचं बटण दाबलं, तिथेही मानसतज्ज्ञाची पाटी, तिथेही कुणी नाही. वरच्या मजल्यावर तिसरी पाटी. ताई, एका इमारतीत किती असतात गं या लोकांचे दवाखाने? इमारतीचा रखवालदार फरशी धूत होता. मला बघून त्याने नळी बंद केली.

"कुठून आलात, काका?"

"एन्त्रे रिओस प्रांतातून."

"तरीच. अहो, फेब्रुवारी आहे! फेब्रुवारीत या शहरात एक मानसतज्ज्ञ सापडायचा नाही. सगळे समुद्रावर. मार्चमध्ये या."

"आणि रोगी?"

"रोगी वाट बघतात. काही इथे येऊन मलाच सांगतात. मी म्हणतो, ताई, माझ्याकडे फरशी आहे, तुम्ही बोला, मी पुसतो."

मी पायरीवर बसलो. मला इतका संताप आला की हसूच यायला लागलं. दुःख काय महिनाभर सुट्टीवर जातं? आमचं चर्च फेब्रुवारीत कुलूप लावतं का? हे असं चालतं हे कुणी आधी सांगायला नको? सगळ्या शहराला हे माहीत, मलाच नाही! तू त्याच समुद्रावर आहेस ना? वाळूवर छत्रीखाली ती दिसली तर तिला माझा निरोप सांग: एक माणूस कोट घालून आला होता.

संध्याकाळी जेवताना निदियाचा घसा आवळला. मी प्रथमच पाहिलं. ओठ पांढरे, हात टेबलाच्या कडेला घट्ट. मी उठलो, पाणी आणलं, पाठ थोपटली, प्रार्थना म्हटली, खिडकी उघडली, म्हटलं, खोल श्वास घे, दुसरा विचार कर, गावाचा विचार कर, तुझ्या घोडीचा विचार कर, काही नाही झालेलं, काही नाही झालेलं. तिने हात वर केला. असा, पोलीस गाडी थांबवतो तसा. मी गप्प झालो. मग हळूहळू तिला श्वास आला.

"बाबा," म्हणाली, "तुम्ही बोलता ते मी बरी व्हावी म्हणून नाही. ते लवकर संपावं म्हणून बोलता."

माझ्याच पोरीने मला हे ऐकवावं! आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं आहे.

तिकिटं खिशातच आहेत. पुढच्या शुक्रवारची, एकोणीस तारखेची.

अनसेल्मो


मार देल प्लाता, १४ फेब्रुवारी १९८८

अनसेल्मो,

तुझं पत्र मी कपडेपटात वाचलं आणि इतकी हसले की नटीला टाचणी टोचली.

तुझी शुलमानबाई मला दिसली नाही. माझा मात्र दिसला. आइसक्रीमच्या रांगेत, आखूड चड्डीत, पाठ भाजलेली. दोघांनीही एकाच वेळी समुद्राकडे बघितलं, जणू तिथे जहाज बुडतंय! सहा वर्षांत मी त्याला माझं सगळं सांगितलं, पण त्याला आइसक्रीम कुठलं आवडतं ते मला माहीत नव्हतं. चॉकलेट. मार्चमध्ये मी यावरूनच सुरुवात करणार आहे.

आता नीट ऐक. शुक्रवारी तिला आणू नकोस. ओढून नेलीस तर ती येईल, कारण ती तुझी मुलगी आहे. गावात तिचा घसा सुटलाय असंही ती तुला सांगेल. आईला सांगत होती तसंच, हसून.

तू विचारशील, बापाला का जमू नये. कारण ती बोलायला लागली की तिचं लक्ष तुझ्या चेहऱ्याकडे जातं. तुला किती लागलं ते ती बघते आणि तिथेच थांबते. त्या बाईचा चेहरा तिला सांभाळावा लागत नाही. यात तुझा अपमान नाही, पण तुला तो वाटणार, तेव्हा वाटू दे.

एक मार्चला मंगळवार आहे. तिची वेळ संध्याकाळची. तोवर थांब. आणि बाहेर आल्यावर काय बोललीस म्हणून विचारू नकोस. गच्च जीभ धरून ठेव.

ओतिलिया


ब्वेनोस आयरेस, २ मार्च १९८८

ताई,

शुक्रवारची बस गेली. मी गेलो नाही. एक तिकीट बदलून उद्याचं घेतलं, दुसरं परत केलं. खिडकीतल्या माणसाने कारण विचारलं, मी त्याच्यावरही खेकसलो.

मेणबत्त्यांचं सांगायचं राहिलं. त्या पिशवीतच होत्या. एका दुपारी निदियानेच काढल्या, वास घेतला. म्हणाली, "या वर्षीचं मेण?" मी हो म्हटलं. ती खुर्ची ओढून माझ्यापुढे बसली आणि हनुवटी वर केली, लहानपणी करायची तशी. मी फुली करून तिच्या गळ्याला टेकवली, प्रार्थना म्हटली. ती पूर्ण वेळ डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, चला, हिने ऐकलं तरी.

मग ती म्हणाली, "आता तुम्ही बसा."

"माझ्या घशाला काय झालंय?"

"काही झालं नसेल तर बसायला काय जातं?"

बसलो. तिने मेणबत्त्या धरल्या. ताई, या मेणबत्त्या मी इतकी वर्षं बनवतो, सगळ्या गावाच्या गळ्याला लागल्या. तिच्या हाताने माझ्या गळ्याला लागल्या तेव्हा मला प्रार्थनेचे शब्द म्हणता येईनात. तोंड उघडलं, आवाज नाही. ती काही बोलली नाही, पाठ थोपटली नाही, पाणी आणलं नाही. नुसती फुली धरून उभी राहिली.

काल मंगळवार. मी तिच्याबरोबर गेलो. वर नाही. इमारतीसमोर बाक आहे, तिथे थर्मास आणि येर्बाचा तुंबा घेऊन बसलो. रखवालदाराने मला ओळखलं. "काका, आज दरवाजे उघडे! जाऊन भांडून या!" मी म्हटलं, तुझी फरशी पूस. मग त्यालाही एक तुंबा भरून दिला.

ती खाली आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तुला खोटं सांगत नाही, मला वर जाऊन दार फोडावंसं वाटलं. माझ्या मुलीला रडवून खाली पाठवतात आणि हे औषध! पण तू सांगितलं होतंस. मी तुंबा भरला, चहा ओढायची नळी तिच्याकडे केली. ती प्यायली. पुन्हा भरला. मी रस्त्याकडे बघत होतो. माझ्या तोंडात प्रश्न होता, तो मी तसाच धरून ठेवला.

तिसऱ्या वेळी तिने तुंबा परत दिला आणि म्हणाली, "सोमवारपासून वॉर्डात जाते. जमेल की नाही माहीत नाही."

"बरं," मी म्हटलं.

"विचारत नाही तुम्ही?"

"नाही."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. दफनाच्या दिवशी जे आलं नव्हतं ते तिथे आलं, भर रस्त्यात, बसेस जात होत्या. रखवालदाराने आमच्याकडे पाठ केली आणि कोरडी फरशी पुन्हा धुवायला घेतली.

अनसेल्मो


ब्वेनोस आयरेस, २८ मार्च १९८८

अनसेल्मो,

निदिया वॉर्डात जाते. पहिल्या आठवड्यात दोनदा बाहेर येऊन जिन्यात बसली, पुन्हा आत गेली. सूप अर्धं संपतं. कुणी तिला बरी झाली म्हणू नये, तिला ते आवडत नाही. मंगळवार चुकवत नाही. तुला पत्र लिहिते आहे असं म्हणाली.

माझ्या स्वयंपाकघरात सगळीकडे मेण सांडून गेलास.

आणि तुझ्या गळ्याचं काय? पत्रात लिहिलंस आणि विसरलास? मी चौकशी केली आहे, तुमच्या दवाखान्यात गुरुवारी पाराना शहराहून कुणीतरी येतं.

ओतिलिया


सान ब्लास, १५ एप्रिल १९८८

ताई,

निदियाचं पत्र आलं. त्यात काय आहे ते तुला सांगत नाही. आता मीही कुणाचं कुणाला सांगत नाही.

दवाखान्यात गुरुवारी एक बाई येते हे खरं आहे. बाई कसली, पोरगी. तिला कुठे बसवलंय माहीत आहे? लस टोचायच्या खोलीत, घरघरणाऱ्या फ्रिजशेजारी. दार नीट लागत नाही. समोर बाक, आणि बाकावर मातिल्दे आणि तिच्या मैत्रिणी रक्तदाब मोजायच्या निमित्ताने बसून कोण आत जातं ते बघतात. दर गुरुवारी ती पोरगी एवढा प्रवास करून येते, रिकाम्या खुर्चीसमोर बसते आणि परत जाते, कारण त्या बाकासमोरून जायची कुणाची छाती होत नाही. घशाच्या संताचं गाव म्हणे! वर्षातून एकदा गळे पुढे करायचे आणि वर्षभर मिटून बसायचे. मी नगरपालिकेत गेलो. म्हटलं, या खोलीला धड दार द्या. कारकून म्हणाला, "कशाला? कुणी जातच नाही." मी सुतारी हत्यारं घेऊन गेलो आणि दार स्वतः बसवलं.

काल दुपारची घंटा वाजवली, टोपी घातली आणि चौक ओलांडून सरळ गेलो. मातिल्दे म्हणाली, "अरे अनसेल्मो, दार तर बसवलंस, आता काय राहिलं?" मी म्हटलं, "आता मी राहिलो." आत जाऊन दार लावलं. चांगलं लागतं.

पोरगी म्हणाली, बसा. बसलो. काय बोलायचं? मधमाश्यांबद्दल बोललो. या वर्षीच्या दुष्काळी फुलांबद्दल बोललो. नगरपालिकेला शिव्या घातल्या. ती ऐकत होती. मग माझ्याजवळचं संपलं आणि दोघंही फ्रिजचा आवाज ऐकत बसलो. तू म्हणाली होतीस तसंच. मला तिचा राग आला, तुझा आला, शुलमानबाईचा आला. उठायच्या विचारात होतो.

आणि मी काय बोललो, तर, "माझ्या बायकोचं नाव एल्सा."

हे नाव मी अडीच वर्षांनी तोंडाने घेतलं, ताई. मला वाटलं होतं, घेतलं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. उलट पाठोपाठ सगळं यायला लागलं, ती कशी हसायची, मध काढताना हातमोजे का घालायची नाही, आणि शेवटच्या आठवड्यात एकदा मला तिने काय विचारलं. ते सांगायला मी तोंड उघडलं, पहिला शब्द काढला,

आणि ती पोरगी म्हणाली, "आज इथे थांबू या. वेळ झाली."

वेळ झाली! इतकी वर्षं धरून ठेवलेलं माणूस आत्ता कुठे सोडायला लागतो, तर म्हणे वेळ झाली! बाकावर कुणी नव्हतं, बाहेर कुणी वाट बघत नव्हतं, बस सुटायला अवकाश होता, तरी वेळ झाली! ही काय माणसाशी वागायची रीत आहे? मी कालपासून धुमसतो आहे. पुढच्या गुरुवारी जातो आणि तिला चांगलं सुनावतो, तिच्याच खुर्चीसमोर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तुझा भाऊ,
अनसेल्मो